सतरा नंबरचं टोकन

सदा, तुझं टोकन अजून खिळ्यावरच आहे.

तुला जाऊन अकरा दिवस झाले. या अकरा दिवसांत तुझ्या काचेच्या केबिनबाहेरच्या फळ्याला कुणी हात लावलेला नाही. एकेका जॉबचा एकेक खिळा, त्याखाली तू पांढऱ्या रंगाने लिहिलेली नावं, आणि तिसऱ्या ओळीत व्हॉल्व्ह बॉडीच्या खिळ्यावर सतरा नंबरचं पितळी टोकन. दोन वर्षं ते तिथून हललेलं नाही. नियमही तूच केलेला, की ज्याचं टोकन त्यानेच काढायचं, आणि तोवर त्या जॉबची फाइल दुसऱ्या कुणी उघडायची नाही. रविवारी सकाळी मासे घेऊन घाटकोपरच्या घराचा जिना चढताना तू दम खायला पायरीवर बसलास आणि तिथूनच गेलास. आता त्या नियमाचं काय करायचं हे विचारायला माणूस उरला नाही.

आज देवधर साहेबांनी मला बोलावलं. व्हॉल्व्ह बॉडीचं ड्रॉइंग बदललंय, एक भोक सरकलंय, सोमवारपासून नवा लॉट लावायचाय.

"विनायक, ती फाइल उघड आणि बदल करून टाक," म्हणाले.

"साहेब, तिच्यावर सदाचं टोकन आहे."

वर्क्स मॅनेजर झाला तरी माणूसच. साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "अरे, म्हणून तर तुला सांगतोय. दुसऱ्या कुणाला सांगू?"

सगळ्यांना वाटतं की मी तुझा सगळ्यात जवळचा मित्र. अंधेरीच्या एमआयडीसीत एका छपराखाली दहा वर्षं काढली, एकमेकांच्या डब्यात हात घातले, तेव्हा वाटणारच. खरं काय ते आज लिहून टाकतो. सदा, दहा वर्षं मी तुझ्यावर जळलो. आत्ताही जळतोय. तू गेलास म्हणून त्यात काही फरक पडलेला नाही.

सुरुवात झाली टेपपासून. आपल्याकडे पहिलं सीएनसी मशीन आलं तेव्हा प्रोग्रॅम कागदी पट्टीवर असायचा. कटरने कुठे जायचं, किती खोल जायचं, कधी वर उचलायचं याचे सगळे आकडे म्हणजे त्या पट्टीवरची बारीक भोकं. मी वरच्या प्लॅनिंगच्या खोलीत बसून टाइप करायचो, पट्टी खाली यायची, आणि मशीन ती गिळत गिळत काम करायचं. एकदा पट्टी मध्येच फाटली. मी म्हटलं, दोन तास थांबा, पुन्हा टाइप करावी लागेल. तू ती हातात घेतलीस, ट्यूबलाइटसमोर धरलीस, ओठ हलवत भोकं वाचलीस, मागून कागद चिकटवलास आणि मार्किंगच्या सुईने पाच-सात भोकं पाडलीस. मशीन चालू झालं. अख्खं शॉप तुझ्याकडे बघत होतं, आणि तू पट्टीचा तुकडा माझ्यापुढे धरून विचारलंस, "इंजिनेरानू, बरोबर असा ना ह्या?"

मला ती भोकं वाचता येत नव्हती. माझ्याकडे डिप्लोमा होता, तुझ्याकडे आयटीआयचं सर्टिफिकेट. तू टोमणा मारला नव्हतास, खरंच विचारत होतास, हे मला तेव्हाही कळत होतं. म्हणूनच नाकाला मिरच्या झोंबल्या. टोमणा असता तर मी परत मारला असता आणि मोकळा झालो असतो. त्या संध्याकाळी बोरिवलीला घरी जाऊन मी सुमनला ही गोष्ट सांगितली, आणि तीसुद्धा म्हणाली, "हुशार दिसतात हो तुमचे सदाभाऊ." मी जेवलो नाही नीट.

मग सत्याऐंशी साली तीन कॉम्प्युटर आले. एक माझ्या खोलीत, एक टूलरूमला, एक शॉपमध्ये तुझ्या काचेच्या केबिनमध्ये, आणि तिघांना जोडणारी काळी वायर. सगळ्या फाइली माझ्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर, पण उघडता यायच्या तिन्हीकडून. कागदी पट्टी नाही, जिना चढणं-उतरणं नाही. खाली तू बटण दाबलंस की फाइल मशीनमध्ये. मालकांना हे पटवण्यासाठी सहा पानांची इंग्रजी नोट मी लिहिली होती. पण वायर ओढली तू. रविवारी येऊन, छताच्या कैच्यांवर चढून, उंदीर कुरतडू नयेत म्हणून पाइपातून ओढलीस. तेव्हापासून शॉपमध्ये सगळे तिला 'सदाची वायर' म्हणायला लागले. माझी नोट कुठल्या कपाटात गेली देव जाणे.

केबिनला एसी होता, धुळीला मज्जाव, म्हणून चपला बाहेर काढून आत जायचं. कुणाला फाइल हवी असली, काही अडलं, की तुझ्या केबिनबाहेर चपलांची रांग लागायची. देवळाबाहेर लागते तशी. वर माझ्या खोलीतही एसी होता. माझ्या दाराबाहेर माझेच बूट.

आता आपल्या भांडणाकडे येतो. ते अर्धवट राहिलंय. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत कंस टाकून काहीही लिहिता येतं. कंसातलं मशीन सोडून देतं. तिथे तू जॉबचं नाव लिहायचास, पुढे 'सदा' आणि तारीख. व्हॉल्व्ह बॉडीचा प्रोग्रॅम मुळात मी ड्रॉइंगवरून बसवला होता, तीन दिवस लागले होते. तू खाली मशीनवर तो घासूनपुसून घेतलास, वेळ निम्म्यावर आणलास, आणि वर कंसात तुझं नाव टाकलंस. एके दिवशी मालक पाहुण्यांना घेऊन माझ्या खोलीत आले. पडद्यावर नेमकी तीच फाइल. पाहुण्यांनी विचारलं, हा सदा कोण? मालकांनी कौतुकाने खालून तुला बोलावून घेतलं. तू तेलकट हात पुसत आलास, पाहुण्यांनी तुझ्याशी हस्तांदोलन केलं, आणि मी माझ्याच टेबलापाशी पाहुण्यांसाठी खुर्ची सरकवत उभा.

ते गेल्यावर मी तुला म्हटलं, "सदा, प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचा असतो की चालवणाऱ्याचा?"

तू हसलास. "मेल्या, कंसातला मशीन वाचणा नाय. त्येच्यासाठी कित्याक भांडतस?"

"मशीन वाचत नाही, माणसं वाचतात."

"माणसां तरी खंय वाचतत," म्हणालास आणि गेलास.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, नऊ वाजता मी ती फाइल उघडली. एवढंच करायचं होतं, की तुझं नाव खोडून माझं घालायचं. तेवढ्यात देवधर साहेबांनी मीटिंगला बोलावलं. फाइल पडद्यावर तशीच उघडी टाकून मी गेलो. मला काय माहीत, की दहा वाजता खाली तूही तीच फाइल उघडशील. त्या दिवशी जॉब धरायचा क्लॅम्प बदलला होता, नवा क्लॅम्प उंच होता. कटर आडवा जाताना वीस मिलिमीटर वर उचलायचा, तो तू पन्नास केलास, सेव्ह केलास, एक जॉब काढून बघितलास आणि दुसऱ्या कामाला लागलास.

दोघांनी एक फाइल उघडली तर दोघांपुढे दोन नकला असतात, आणि जो शेवटी सेव्ह करील त्याची राहते. आधीच्याची पुसली जाते. कॉम्प्युटर चकार शब्द काढत नाही. जेवणाच्या सुट्टीनंतर मी येऊन बसलो, कंसात तुझ्या नावाच्या जागी माझं नाव आणि त्या दिवसाची तारीख टाकली, आणि सेव्ह केलं. एकही आकडा मी बदलला नाही. माझ्या नकलेत सकाळचे वीस होते, ते तुझ्या पन्नासवर जाऊन बसले.

दुपारच्या शिफ्टला त्या मशीनवरचा गौतम आला. त्याने रोजच्यासारखा प्रोग्रॅम नव्याने मागवला आणि मशीन चालू केलं. तो आवाज मला वर ऐकू आला. कटर क्लॅम्पवर धडकला, तुटला, त्याचा तुकडा पुढची काच फोडून गौतमच्या भुवईवर बसला. मी धावत खाली आलो तेव्हा तो स्टुलावर बसला होता, कपाळाला रुमाल, आणि म्हणत होता, "काय नाय झालं साहेब, डोळा शाबूत आहे. मशीन बघा आधी, मशीनची वाट लागली." तीन टाके पडले. दोन सुतं खाली लागलं असतं तर डोळाच गेला असता.

मी वर परत गेलो आणि पडद्याकडे बघितलं. वीस. वर कंसात माझं नाव, आजची तारीख. दहा मिनिटांत मला सगळं कळलं होतं, सदा. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

थोड्या वेळाने तुझ्या केबिनमध्ये मालक होते, देवधर साहेब होते, तू उभा होतास. मी दारात. मशीनच्या पडद्यावर वीस आहेत हे सगळ्यांनी बघितलं होतं. मालक म्हणत होते, "या वायरीचंच खूळ आहे. काढून टाका ती. टेप बरी होती, जे हातात तेच मशीनमध्ये." देवधर साहेबांनी तुला विचारलं, "सदा, तू म्हणतोस पन्नास केले होतेस. मग गेले कुठे?" तू माझ्याकडे बघितलंस. फार वेळ नाही. मी बोलायला हवं होतं. घसा साफ केला एवढं आठवतं.

"चूक माझी साहेब," तू म्हणालास. "सेव्ह करायला विसरलो असणार. वायरीचा काही संबंध नाही."

दुसऱ्या दिवशी मी आलो तेव्हा फळा तयार होता. टूल स्टोअरमधून हत्यार नेताना आपण आपल्या नंबरचं टोकन तिथे ठेवतो, तशीच फाइल नेतानाही ठेवायची, असं तू सगळ्यांना समजावत होतास. "फाइल काय न् ड्रिल काय, एका वेळी एकाच्याच हातात." प्रत्येकाला पाच-पाच टोकनं असतात, तू तुझ्यातलं एक घेऊन व्हॉल्व्ह बॉडीच्या खिळ्याला अडकवलंस. बाकीच्या खिळ्यांवर टोकनं येत-जात राहिली. हे मात्र राहिलं.

त्या तीन खोल्यांत इतकी साधी गोष्ट दुसऱ्या कुणालाही सुचली नसती. मला तर नाहीच. मी त्या फळ्याकडे बघून पहिल्यांदा काय केलं असेल तर मनातल्या मनात चडफडलो, की हे पण यालाच सुचावं. गौतमच्या कपाळावर अजून पट्टी होती तेव्हा.

मग भीती आली. माझं नाव आणि मंगळवारची तारीख त्या फाइलीत डोक्यावर बसली होती, आणि फाइलीवर तुझं टोकन. टोकन म्हणजे काही कुलूप नव्हे. वर बसल्या बसल्या मी ती कधीही उघडली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. पण धीर झाला नाही. चोराच्या मनात चांदणं. तू केबिनमधून वर बघितलंस की मला वाटायचं, आता सांगणार. तू हसलास की वाटायचं, हा मला खेळवतोय. दोन वर्षं तू तसाच वागलास जसा आधी वागायचास, माझ्या डब्यातली भाजी नाक मुरडून खायचास, तुझ्या बांगड्याच्या कालवणातला मोठा तुकडा मला द्यायचास, आणि मी तो खाताना विचार करायचो, की याला माहीत आहे की नाही.

महिन्याभराने देवधर साहेब मला म्हणाले, "व्हॉल्व्ह बॉडीचं तू दुसऱ्याच दिवशी निस्तरलंस ते बरं केलंस. सदासारख्या हाताच्या कारागिराला शेवटी मागे कुणीतरी शिकलेला लागतोच." मला काही कळेना. मी काहीच निस्तरलं नव्हतं. साहेबांचा घोटाळा झाला असेल म्हणून गप्प बसलो. गप्प बसायची सवय लागली की सोपं जातं. त्यानंतर प्रोग्रॅमिंगचा हेड म्हणून माझं नाव लागलं. ती जागा तुझी होती, शॉपमध्ये सगळ्यांनी ती तुझीच धरली होती. तू पेढे मागितलेस. मी आणले, आणि पहिला तू गौतमला दिलास.

गौतमचंही सांगतो, कारण त्याचा त्रास मला सगळ्यात जास्त झाला. त्या अपघातानंतर रोज तीन वाजता तू दोन कटिंग घेऊन त्याच्या मशीनपाशी जायचास. मी वरच्या खिडकीतून बघायचो. तुम्ही फारसं बोलायचाही नाहीत. तो मशीनला पाठ टेकून, तू खोक्यावर बसून, चहा प्यायचात. मला कधी बोलावलं नाहीस. एकदा मी मुद्दाम खाली आलो, म्हटलं, "काय चाललंय?" तुम्ही दोघं गप्प झालात. तू म्हणालास, "काय नाय, चा." मी वर आलो. मला राग आला होता. तुझ्या चुकीने, म्हणजे त्याच्या समजुतीप्रमाणे तुझ्या चुकीने, ज्याचा डोळा जायचा तो वाचला, तोच तुझा जिवलग. आणि मी, ज्याने त्याचं काही बिघडवलेलं नाही असं त्याला वाटत होतं, त्या माझ्याशी 'हो साहेब, नाही साहेब' एवढंच.

तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे तुझ्या घरी आलो होतो. खोलीत माणसं मावेनात, खाली जिन्यावर बसली होती. त्याच पायऱ्यांवर. गौतम तर लहान पोरासारखा रडत होता. मी काय करत होतो सांगू? मोजत होतो. माझ्या वेळी यातले किती येतील याचा हिशेब लागत नव्हता. नलिनीवहिनी मला म्हणाल्या, "ते नेहमी सांगायचे, विनायकने ती नोट लिहिली नसती तर वायर आलीच नसती. आम्ही नुसते हमाल, म्हणायचे." मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, रडतोय.

तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. त्या दिवशी केबिनमध्ये तू कुणाला वाचवलंस? मला की वायरीला? दोन कॉम्प्युटरवरून दोघे एकमेकांचं पुसू शकतात हे मालकांना कळलं असतं तर त्यांनी त्याच संध्याकाळी वायर कापली असती. एका माणसाचा विसरभोळेपणा म्हटला की वायर निर्दोष. "वायरीचा काही संबंध नाही," हे तू म्हणालास. विनायकचा संबंध नाही, असं म्हणाला नव्हतास. मला त्या काळ्या वायरीचाही हेवा वाटला आहे, सदा. हसू नकोस.

वरचं सगळं परवा लिहिलं होतं. पुढचं आज लिहितो.

आज सकाळी मी तुझ्या केबिनपाशी गेलो. तुझ्या शॉपमधल्या चपला दाराबाहेर तशाच आहेत. कुणीतरी त्या पुसून जोडीने लावून ठेवल्यात. त्यांच्या शेजारी बूट काढले. फळ्यावरून सतरा नंबर काढला, पितळ मागून काळं पडलं होतं. माझं नऊ नंबरचं टोकन तिथे लावलं आणि आत जाऊन फाइल उघडली.

कंसात माझं नाव होतं. तसंच, मी लिहिलेलं. खाली वीसचे पन्नास झाले होते, ते तू करणारच होतास. तारीख मात्र बुधवारची होती.

मी पुन्हा वाचली. मी मंगळवारची घातली होती. ज्या दिवशी अपघात झाला त्या दिवसाची, ज्यावरून कुणालाही कळलं असतं की तुझ्यानंतर हात कुणी लावला. तू त्या तारखेतला एक आकडा बदललास. एवढा एकच. आणि त्या एका आकड्याने मी दुसऱ्या दिवशी येऊन फाइल दुरुस्त करणारा झालो. देवधर साहेबांनी कुठेतरी तीच ओळ वाचली होती. माणसं वाचत नाहीत म्हणालास, पण वाचतील याची सोय करून ठेवलीस.

आयुष्यात तू खोटा आकडा लिहिला नाहीस. साध्या इन्स्पेक्शनच्या कागदावर कुणी अर्ध्या सुताची लबाडी केली तरी त्याच्याशी दोन दिवस बोलायचा नाहीस. आणि हे केलंस. वायरीसाठीच असतं तर माझं नाव खोडून तुझं परत लिहिलं असतंस की काम झालं असतं. नाव ठेवलंस. मी ते नाव घालायला फाइल उघडली होती हे तुला कळलं असणार, आणि तू मनात म्हणाला असशील, असू दे, हवंय ना याला, राहू दे. म्हणजे मलाही वाचवलंस आणि माझा हट्टही पुरवलास, आणि दोन वर्षं फाइलीवर टोकन लावून बसलास की मी किंवा कुणी ते बिघडवू नये. मी तिथे बसून रडलो. पण खरं सांगतो, त्या रडण्यातही एक कोपरा जळत होता. यातही तूच वरचढ. परतफेड करायची तर करू कुणाला?

मी तारीख पुन्हा मंगळवारची केली. प्रिंट काढला आणि देवधर साहेबांपुढे ठेवून सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. म्हणाले, "आता हे सांगून काय मिळणार, विनायक? तो गेला." मी म्हटलं, "त्याच्यावरची चूक तरी काढा साहेब." त्यांनी कागद खणात ठेवला. काढतील की नाही, माहीत नाही. विचारत राहीन.

मग गौतमकडे गेलो. त्याला सांगायला जास्त वेळ लागला. मशीन चालू होतं, मोठ्याने बोलावं लागत होतं, आणि असलं काही मोठ्याने बोलता येत नाही. त्याने मशीन बंद केलं. सगळं ऐकताना त्याचं बोट भुवईवर होतं. ती रेघ अजून आहे, तिथे केस उगवत नाहीत.

"सदाभाऊ तेव्हा दवाखान्यात आले होते," तो म्हणाला. "बोलले, गौतम, हे टाके माझ्यामुळे. मी आहे तोपर्यंत तुझा तीनचा चहा माझा. मी बोललो, भाऊ, सोडा ना यार, चूक कुणाकडूनपण होते. पण ऐकतायत कुठे. दोन वर्षं, साहेब. ताप होता तेव्हापण घेऊन यायचे."

मी वरच्या खिडकीकडे बघितलं.

"तुम्ही खिडकीतून बघायचे ना?" त्याने विचारलं. "मी एकदा बोललो त्यांना, साहेबांनापण बोलवू काय. तर बोलले, नको, त्याका त्रास होतलो."

त्याने मशीन पुन्हा चालू केलं.

सदा, तुझी चार टोकनं टूल स्टोअरला जमा झाली. पाचवं कुठे म्हणून स्टोअरवाला विचारत होता. माझ्या खिशात आहे. देणार नाही.

तीन वाजता मी दोन कटिंग घेऊन खाली गेलो. गौतम म्हणाला, "ठेवा तिथे." मी त्याचा ग्लास मशीनच्या कडेला ठेवला आणि तुझ्या खोक्यावर बसून माझा प्यायलो. त्याने त्याचा घेतला नाही. वर साय धरली तरी घेतला नाही. उद्या तीनला पुन्हा नेणार आहे, परवाही, त्याला हवा तेव्हा घेऊ दे. तो चहा पहिल्या दिवसापासून माझा होता, सदा. तेवढा तरी माझ्यासाठी ठेवायचा होतास.